आधी गहू सोडू, की आधी रक्त तपासायला देऊ?

मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचा तासगावहून फोन आला. "मामी, दोन वर्षं झाली. जेवलं की पोट ढोलासारखं फुगतं. कधी दिवसात चार वेळा जावं लागतं, कधी तीन दिवस काहीच नाही. उभं राहिलं की छाती धडधडते, मधूनच अंगावर गांधी उठतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नको. आता कामावरची एक मैत्रीण म्हणतेय गहू सोड. सोडू का?"

तिनं मलाच का विचारलं, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको. माझं पोट हा अकरा वर्षं सगळ्यांच्या चर्चेचा विषय आहे. सांगलीतल्या विश्रामबागेत आमच्या कपाटात रिपोर्टांची पिशवी साड्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जड झालीय. मी डॉक्टर नाही, पण या पिशवीतले निम्मे कागद चुकीच्या क्रमानं केलेल्या गोष्टींचे आहेत, एवढं आता कळतं. तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट निवड-बिवड करायच्या आधीची. शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, आपोआप घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, रेंगाळणारा ताप, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका. सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

गहू आधी सोडायचा की तपासणी आधी?

इथं मी स्वतः आपटले, म्हणून इथंच जास्त बोलणार.

गहू सोडायला काही लागत नाही. आपल्याकडे तर ज्वारीची भाकरी घरोघरी आहे, त्यामुळे चपाती गेली तरी ताट रिकामं होत नाही. मीही तसंच केलं. पंधरा दिवसांत पोट हलकं वाटायला लागलं आणि मी सगळीकडे सांगत सुटले की मला गव्हाची ॲलर्जी आहे. सात महिन्यांनी एका डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गहू खाल्ल्यानं लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची रक्ततपासणी लिहून दिली, टीटीजी-आयजीए नावाची. ती निगेटिव्ह आली. मी खूश. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "चपाती कधी बंद केलीत?" मी सांगितलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. या तपासणीत गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजतात. गहूच पोटात नसेल तर ती हळूहळू कमी होतात, आणि आजार असला तरी कागदावर दिसत नाही. मग मला पुन्हा गहू सुरू करायला लागला. निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात. ते सहा आठवडे घरच्यांनी कसे काढले, ते त्यांनाच विचारा.

माझी तपासणी पुन्हा निगेटिव्ह आली, दुर्बिणीतून घेतलेला लहान आतड्याचा तुकडाही स्वच्छ निघाला. मग गहू सोडल्यावर बरं का वाटलं? कारण गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टन नावाची साखरेची साखळीही असते. ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस होतो. तीच कांद्यात आणि लसणात भरपूर. म्हणजे माझा चोर वेगळाच होता, आणि सात महिने मी भलत्याच्या नावानं खडे फोडत होते.

हा फरक बारीक वाटला तरी संसारात मोठा आहे. सिलिअ‍ॅक असेल तर गहू जन्मभर आणि कणभरही नाही. नुसती चपाती सोडून भागत नाही. आपल्या खड्या-पुडीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ घातलेलं असतं, मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही असतो. पुडीमागचं बारीक अक्षर वाचावं लागतं. या आजारात पोटापेक्षा बाहेरचीच लक्षणं पुढे असू शकतात: औषध घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, तोंडातले छाले, ठिसूळ हाडं, थकवा. फ्रुक्टनचा त्रास असेल तर मात्र हिंगाची चिमूट चालते, अर्धी चपातीही कदाचित चालते. एकीकडे पथ्य, दुसरीकडे प्रमाण.

म्हणून माझं मत साफ आहे: आधी रक्त द्या, मग काय सोडायचं ते सोडा. तपासणीपर्यंत चपाती चालू ठेवा, पोट फुगलं तरी.

पित्ताच्या गोळीचंही तसंच. सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेणारी निम्मी सांगली मी ओळखते. तिनं जळजळ थांबते, खोटं नाही. पण पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची असेल तर ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद असावी लागते, नाहीतर जंतू असून नाही म्हणून येतो. वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं, आणि मग हातापायाला मुंग्या, थकवा, धुकट डोकं हे सगळं पोटाच्याच खात्यावर जमा होतं. डॉक्टरांनी सांगितली असेल तर मनानं बंद करू नका. फक्त "ही किती दिवस?" हा प्रश्न विचारा. मी तो चार वर्षं विचारला नव्हता.

मिरज की पुणे?

मिरजेला लोक आरोग्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. अमेरिकन मिशनच्या वॉन्लेस नावाच्या कॅनेडियन डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथं हॉस्पिटल उघडलं, आणि आजही उत्तर कर्नाटकातून पेशंट घेऊन गाड्या येतात. दुर्बीण, तुकडा काढणं, स्कॅन, रक्ताच्या बहुतेक तपासण्या इथंच होतात. तरी आपल्या माणसांना पुण्याचा कागद हातात आल्याशिवाय बरं वाटत नाही.

मी दोन्ही केलं. पुण्यात एका मोठ्या ठिकाणी सात मिनिटं मिळाली. पिशवी उघडायच्या आत नवीन तपासण्यांची यादी हातात होती, त्यातल्या चार आधीच झालेल्या. दोष एकट्या त्या डॉक्टरांचा नाही म्हणत मी. बाहेर बसायला जागा नव्हती इतकी गर्दी. पण अशा दुखण्यात एका भेटीत निदान क्वचित होतं. तीन महिन्यांत वजन हललं का, लोह वाढलं का, औषधानं काय झालं, हे बघणारा एकच माणूस लागतो, आणि तो वीस मिनिटांवर असलेला बरा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारा आजार) हे दोन आजार दुर्बिणीतूनही सख्ख्या भावांसारखे दिसतात. एकावर क्षयाची औषधं, दुसऱ्यावर स्टिरॉइडसारखी औषधं, आणि क्षयात नुसतं स्टिरॉइड गेलं तर आजार भडकतो. अशा वेळी तुकड्याचा अहवाल आणि पेशंट दोन्हीवर नजर ठेवणारा डॉक्टर जवळ हवा.

पुणं कधी? इथल्या डॉक्टरांनी ठराविक प्रश्न लिहून पाठवलं तर. श्वासाची हायड्रोजन तपासणी, गिळण्याच्या किंवा गुदाच्या स्नायूंचा दाब मोजणं, असलं काही. "बघा जरा" म्हणून जाऊ नका. आणि जायचंच तर रेल्वेनं जा. पोटाच्या माणसाला खंबाटकी घाटात अडकलेल्या एसटीत काय वाटतं, ते मी एकदा अनुभवलंय. कोयना एक्सप्रेस हळू असेल, पण डब्याला संडास आहे.

धडधड आणि गांधींचं काय?

भाचीला मी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटातून काढायला लावला. दहा मिनिटं पडून राहायचं, नाडी लिहायची. मग उठून टेकू न घेता उभं राहायचं आणि दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी लिहायची, शेजारी कुणीतरी हवं. नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (12 ते 19 वयात 40) आणि रक्तदाब पडला नाही, तर पॉट्स नावाच्या त्रासाचा विचार करतात. त्याआधी रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पडणं हे तपासावं लागतं. या लोकांना मळमळ, पोट गच्च होणं, बद्धकोष्ठ हे सोबत असू शकतं, काहींचे सांधेही जास्तच लवचिक असतात. तिचे आकडे आले 74 आणि 109. हे निदान नव्हे, पण "टेन्शन" म्हणून सोडून द्यायचा आकडाही नव्हे. कागद घेऊन ती फिजिशियनकडे गेली, आणि पहिल्यांदाच तिला कुणी झोपवून, उभं करून बीपी मोजलं.

गांधी, चेहरा लाल होणं आणि जुलाब एकदमच येत असतील तर ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या मास्ट पेशींचा प्रश्न निघतो. त्यासाठी ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी झटका आल्यापासून साधारण चार तासांच्या आत करायची, आणि पुन्हा एकदा बरं असताना, म्हणजे दोन आकडे ताडून बघता येतात. सांगलीहून पुण्याला पोचेपर्यंतच चार तास जातात. तेव्हा जवळच्या लॅबमध्ये आधीच विचारून ठेवा, नमुना बाहेर पाठवतात का, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात तयार ठेवा. झटक्यात श्वास लागला किंवा जीभ सुजली तर लॅब नाही, थेट इमर्जन्सी.

वैद्य, पॅनेल आणि "डोक्याची गोळी"

वैद्यांकडे गेले, आणि मला त्यांच्याकडून वेळेवर जेवणं आणि ताजं ताक एवढं कायमचं मिळालं. दूध न पचणाऱ्यांना ताक-दही बरेचदा चालतं, तेही पटलं. पण बिनलेबलाच्या पुड्या आणि भस्मं नकोत. काहींमध्ये शिसं सापडलंय, आणि शिशाच्या विषबाधेची लक्षणंच पोटात कळ, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय. म्हणजे ज्यासाठी औषध, तेच औषधानं. हळदीच्या बाजारपेठेत राहून सांगते, भाजीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासकट येणारी हळदीची कॅप्सूल वेगळी. त्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कुठलं खाणं सोसत नाही ते सांगतो म्हणणाऱ्या, शेकडो पदार्थांच्या आयजीजी रक्ततपासणीवर (पॅनेलवर) मी पैसे घातले, तुम्ही घालू नका. आपण काय खातो एवढंच ते सांगतं. माझ्यात ज्वारी, तूर आणि शेंगदाणे "लाल" आले होते. सांगलीतल्या कुठल्या बाईचे येणार नाहीत? त्यापेक्षा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन बघा. साध्या शौच तपासणीपेक्षा महाग, पण आतड्याला सूज आहे की नाही याचा त्यातून बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि काही जणांची दुर्बीण टळते.

सगळं तपासून माझं निदान आयबीएस ठरलं, म्हणजे आतडं दिसायला ठीक पण काम बिघडलेलं: तीन महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा शौचाशी संबंध. त्यानंतर दोन वाटा होत्या. एक, कांदा-लसूण-गहू-दूध-कडधान्यं दोन ते सहा आठवडे कमी करून मग एकेक परत आणायचं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं मांडलेली ही पद्धत. इथल्या घरात वर्षाच्या चटणीतच कांदा-लसूण, म्हणजे आमटीच गेली! माझी युक्ती अशी: तेलात लसूण तळायचा आणि पाकळ्या काढून टाकायच्या. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, वास उतरतो. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. भाकरी आहेच. लोकांचं चुकतं ते परत आणण्यात. बरं वाटतं म्हणून सगळं बंदच ठेवतात आणि वर्षभरात हाडं दिसायला लागतात.

दुसरी वाट म्हणजे अमिट्रिप्टिलिन, अगदी कमी मात्रेत. चिठ्ठी बघून मला रडू आलं होतं, कारण ही डिप्रेशनची गोळी. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या डोक्यातच आहे तर." तसं नाही. इतक्या कमी मात्रेत ती आतडं आणि मेंदूमधल्या वेदनेच्या निरोपांवर काम करते. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटांवर झालेल्या चाचणीत 10 ते 30 मिलिग्रॅमचा उपयोग दिसला. तोंड कोरडं पडतं, सकाळी झापड येते, बद्धकोष्ठवाल्यांना जपून द्यावी लागते. मला पथ्यानं फुगणं कमी झालं आणि गोळीनं दुखणं. एकच निवडा म्हणाल तर, घरात वेगळा स्वयंपाक करणं तुमच्याच गळ्यात असेल तर आधी गोळीचं विचारा. सहा माणसांचा रस्सा आणि आपली वेगळी वाटी, हे रोज जमत नाही.

भाचीचं रक्त गुरुवारी घेणार आहेत. तोवर दोन्ही वेळा चपाती. रोज रात्री मेसेज येतो, "मामी, फुगलंय." मी उलट लिहिते, "किती वाजता? काय खाल्लंस?" दूधवाल्याच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर ती तारखेखाली बारीक अक्षरात लिहिते: अर्धा लिटर, चपात्या 3, फुगलं 9.40.