ओहोटीमागे धावायचं की पीसीआरपाशी बसायचं?

एम.एस्सी. झूलॉजी झालं, नेट परीक्षा निघाली आणि आता कोकण सोडायचं नाही, असं म्हणणारं कोणी ना कोणी दरवर्षी भेटतं. त्यांच्यासमोर साधारण दोन तऱ्हांच्या लॅब असतात. एक किनाऱ्यावर फिरून नमुने गोळा करणारी, दुसरी त्या नमुन्यांतून डीएनए काढणारी. पहिलीत मी अडीच वर्षं काढली, दुसरीत आता चौथं चालू आहे.

पैशांवरून ठरवू नका. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, दोन्हीकडे तीच, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं.

फरक पडतो तो दिवसात. किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये रजा, जेवण, झोप सगळं पंचांग बघून. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब मागे जातं, आणि आपल्याकडे ती ओहोटी नेमकी पहाटे पाच-सहाला नाहीतर संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा. म्हणजे सलग चार दिवस टॉर्च घेऊन शेवाळलेल्या कातळावर उतरायचं, पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट टाकायची आणि आतली कालवं, गोगलगाई, कातळाला घट्ट चिकटून राहणारे कवचवाले बार्नॅकल मोजायचे. वहीत पेन्सिलनेच लिहायचं, पेनाची शाई पहिल्याच लाटेत जाते. बाजूला कालवं काढणाऱ्या बायका असतात. एवढं मोजून देणार कोणाला, असं विचारतात, आणि गेल्या वर्षी इथे काय होतं ते आपल्या वहीपेक्षा नीट सांगतात. बाकी दिवस मिरकरवाड्यासारख्या बंदरावर बांगड्यांची लांबी मोजण्यात आणि पोट फाडून अंडाशय तपासण्यात जातात. हाताचा वास दोन साबणांनी जात नाही. मुलींसाठी एक उघड सांगते: कातळावर चार तास बाथरूम नाही. आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

बेंचवर, म्हणजे डीएनएच्या लॅबमध्ये, हे काही नाही. दहाला जायचं, पंखा आहे, चहा आहे. डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन 95 अंशांवर डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या करतं, पन्नास-पंचावन्नला प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा छोटा तुकडा, चिकटतो, 72 ला नवी साखळी तयार होते. अशा पस्तीसेक फेऱ्या, दोन-अडीच तास. तोवर डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल ओतून ठेवायचं. मग अंधारात यूव्हीखाली बघायचं, तर कडेची लॅडर, म्हणजे मापासाठी ठेवलेला ठरावीक लांबीचा डीएनए, तेवढी चमकतेय आणि आपल्या रकान्यांत काळोख. कातळावर निदान रिकाम्या हाताने परतत नाही, इथे तीन-तीन आठवडे रिकामे जातात.

माझे पहिले तीन असेच गेले. प्रायमर बदलले, तापमान बदललं, काही नाही. शेवटी नमुन्यांच्या बाटल्या खाली काढल्या तर लेबलवर माझंच अक्षर. जुन्या लॅबमध्ये असताना मीच ते खेकडे फॉर्मॅलिनमध्ये बुडवले होते. फॉर्मॅलिनने आकार छान राहतो, डीएनएची मात्र वाट लागते. तेव्हापासून किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला बजावते, एका पायाचा तुकडा वेगळ्या बाटलीत, 95 टक्के अल्कोहोलमध्ये.

पावसाळा दोघांनाही छळतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावरचे नमुने थांबतात आणि किनाऱ्यावरची माणसं आकडे भरत, मायक्रोस्कोपखाली जाती ओळखत बसतात. लेन्सला बुरशी धरते, सिलिका जेल चार दिवसांत निळ्याची गुलाबी होते. बेंचवाल्यांचा जीव विजेत अडकलेला. एका लॅबमध्ये गणपतीच्या सुट्टीत लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि दोन हंगामांचे नमुने डीप फ्रीजरमध्ये वितळून गेले. आरती चालू असताना फोन आला, मोदक घशाखाली उतरला नाही.

खरंच ठरत नसेल तर आधी किनारा घ्या, असं माझं मत. पिपेट धरायला सहा महिन्यांत कुठेही शिकता येतं. समोरचा प्राणी ओळखायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि ती ओळख नसेल तर जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जीनचा 650 बेस पेअरचा तुकडा हातात येऊनही तो बरोबर जातीचा दाखवतोय की नाही, हे कळत नाही. पण पुढे पुण्यात फार्मा कंपनीत जायचं पक्कं असेल किंवा घरी पहाटे सोडून जाता येणार नाही असं माणूस असेल, तर सरळ बेंच. त्यात कमीपणा नाही.

मुलाखतीला गेलात की दोन गोष्टी बघून या. किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये होडीतली लाइफ जॅकेट किती आणि बरोबर दुसरं कोण येतं, ते विचारा. दुसरीकडे डीप फ्रीजरला तापमानाची वही टांगलेली असते. तिच्यात शेवटची नोंद कधीची आहे, ते वाचा.