ट्रेड्स: पैसे दोन दिवसांत, पण बिल आधी पास व्हायला हवं

आमचं कोरुगेटेड बॉक्सचं युनिट आहे, भोसरी एमआयडीसीत. मशीनचं दीर बघतात. बिलिंग, बँक आणि वसुली माझ्याकडे. या धंद्याचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. कागदाची मिल रीलच्या पैशांसाठी आठवडाभराच्या वर थांबत नाही, आणि बॉक्स घेणारी मोठी कंपनी पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) नव्वद दिवस लिहून शंभरी सहज ओलांडते. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, गिऱ्हाइकाकडून आपल्या खात्यात दमडी आलेली नसली तरी. मधली सगळी ओढाताण सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर. म्हणून काही बिलं ट्रेड्सवर टाकायला लागलो.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ट्रेड्स म्हणजे छोट्या उद्योगांना बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. तिची चौकट रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये घालून दिली आणि 2017 पासून प्रत्यक्ष काम सुरू झालं. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट हे त्यातले जुने प्लॅटफॉर्म. आम्ही कुठला वापरतो ते इथे महत्त्वाचं नाही, कारण गाडा सगळीकडे सारखाच चालतो. तुम्ही बिल चढवायचं, गिऱ्हाइकाने ते मान्य करायचं, मग बँका आणि एनबीएफसी (बिगरबँक वित्त कंपन्या) त्यावर व्याजाची बोली लावतात. सगळ्यात कमी दराची बोली तुम्ही उचलली की एक-दोन दिवसांत व्याज कापून रक्कम खात्यात. ठरल्या तारखेला बँक गिऱ्हाइकाच्या खात्यातून आपले पैसे वळते करून घेते. त्या दिवशी गिऱ्हाइकाचं खातं रिकामं निघालं तरी बँक तुमच्या दारात येत नाही. सीसीत हे सुख नाही. तिथे गिऱ्हाईक बुडालं तरी बँकेचं देणं आपल्याच डोक्यावर.

आकड्यात सांगते. 4 लाखांचं बिल, 60 दिवस बाकी, बोली 9 टक्के. व्याज होतं साधारण 5,918 रुपये. वर प्लॅटफॉर्मची फी आणि त्यावर जीएसटी. आमच्या सीसीपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि त्याचं कारण मला या सगळ्यात फार आवडलं: बोली तुमच्याकडे बघून लागत नाही, गिऱ्हाइकाची पत बघून लागते. आमच्यासारख्या शेडमधल्या युनिटला बँक जो दर कधीच देणार नाही, तो आमच्या बिलाला मिळतो, कारण पैसे फेडणारी कंपनी दांडगी आहे. शिवाय काही गहाण ठेवायचं नाही.

नोंदणी किचकट आहे. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, तर लागतंच. आमची भागीदारी फर्म, त्यामुळे सह्यांचा अधिकार कुणाला याचा कागद, भागीदारांचं केवायसी, बँकेचं मँडेट, सगळं आलं. उद्यमवर फर्मचं नाव पॅनवर आहे अगदी तसंच हवं. आमच्याकडे एका ठिकाणी 'अँड' आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं चिन्ह होतं, तेवढ्यावर फाईल परत आली. सीएच्या ऑफिसातल्या मुलाला बसवून एकदाच नीट करून घ्या.

आता खरी गोम. वरची सगळी घोडदौड गिऱ्हाइकाने बिल मान्य केल्यावरची आहे. आमचे पैसे अडकतात ते त्याच्या आधी. माल गेटवर उतरला, चलनावर शिक्का बसला, पण स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला नाही तर अकाउंट्सला बिल दिसतच नाही. मग फोन.

"मॅडम, जीआरएन पेंडिंग आहे."

"अहो, माल संपून तुमची पुढची ऑर्डर आली की!"

"स्टोअरला बोला ना."

स्टोअरवाला म्हणतो क्वालिटीला विचारा, क्वालिटीवाले साहेब ऑडिटमध्ये. यात बिल महिनाभर लोळतं, आणि तोवर ट्रेड्सची स्क्रीन शांतपणे 'खरेदीदाराच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत' एवढंच दाखवते. प्लॅटफॉर्मची हेल्पलाईन सौजन्याने बोलते, पण गिऱ्हाइकाला आठवणीचा मेल टाकण्यापलीकडे तिच्या हातात काही नाही.

सरकारने मोठ्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली आहे. आधी उलाढालीची मर्यादा 500 कोटी होती, 2024 च्या नोव्हेंबरमधल्या अधिसूचनेने ती 250 कोटींवर आणली. पण सक्ती नोंदणीची. तुमचं बिल तिथे मान्य करण्याची नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाची नोंदणी आहे, लॉगिन कुणाकडे आहे हे त्यांच्याच ऑफिसात कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्याने मात्र उलटं केलं: बिल पास झालं की तेच स्वतः ट्रेड्सवर चढवतात, आम्ही फक्त बोली स्वीकारायची. असं गिऱ्हाईक असेल तर या सेवेला पाचपैकी पाच. बाकीच्यांच्या बाबतीत मी तीनच्या वर जाणार नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे खरं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पैसे द्यायची मुदत लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तरी जास्तीत जास्त 45. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण चालू गिऱ्हाइकावर तक्रार कोण करणार? पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा. ते हत्यार संबंध तुटल्यानंतरचं. त्यापेक्षा आयकराच्या 43बी(एच) कलमाने जास्त काम केलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो. ते लागू झाल्यापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात, "मॅडम, तुमचं उद्यम पाठवा, सूक्ष्म की लघु?" एरवी माझा नंबर बघून फोन न उचलणारी माणसं ही. (नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम असूनही या मुदतीचा फायदा नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.)

आम्ही आता एवढंच करतो: बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख ठळक छापतो, माल उतरवायला गेलेल्या ड्रायव्हरला जीआरएन नंबर घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही असं सांगून ठेवलंय, आणि छोटी बिलं ट्रेड्सवर चढवत नाही, फी आणि खटाटोप परवडत नाही. नव्या मोठ्या गिऱ्हाइकाशी दर ठरवतानाच विचारते, ट्रेड्सवर बिलं मान्य करता का, आणि कोण करतं. त्या माणसाचं नाव आणि थेट नंबर मिळाला, तर नव्वद दिवसांच्या पीओलाही हो म्हणते. नाही मिळाला तर दरात दोन टक्के चढवते.