ऑइल खाणारं जुनं इंजिन: वरून भरत राहायचं, सील बदलायचे की इंजिन उघडायचं?

गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चालली की एक दिवस डिपस्टिक ओढावी आणि ऑइल खालच्या खुणेलाही टेकलेलं नसावं, असं होतं. गॅरेजमध्ये हे सांगितल्यावर बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: ‘इंजिन काम निघालंय.’ निघालं असेलही. पण त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात, ऑइल किती जातंय आणि कुठून जातंय. त्याशिवाय पुढचा कुठलाही पर्याय निवडणं म्हणजे अंधारात पैसे टाकणं.

किती जातंय ते स्वतः मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणा आणि किलोमीटर लिहून ठेवा. १००० किलोमीटरनंतर तशीच गाडी उभी करून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा. जितकं ऑइल लागलं तेवढं गेलं. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं. म्हणजे १००० किलोमीटरला ३०० मिली जात असेल, तर साधारण ३००० किलोमीटरला तुम्ही खालच्या खुणेवर येता. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका. तो दिवा ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगांना झळ पोचलेली असू शकते.

कुठून जातंय हे धूर बराच सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळसर धुराचा एक झोत आला आणि मग धूर थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या रबरी सीलवर. लांब उतारावर पाय काढून उतरलात आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागे धूर दिसला, तरीही तोच संशय. चढावर, ओझ्याखाली सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक. धूर काहीच नाही आणि खाली डाग पडतात, तर गळती. ती आधी बघा, कारण टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गॅस्केट बदलणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम. टर्बो असलेल्या गाडीत इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढून आत ऑइल साचलंय का तेही बघा; इंजिन धडधाकट आणि टर्बोचा सील गेलेला, असंही निघतं.

आणखी एक भाग नेहमी विसरला जातो, तो म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) वायू इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे नेणारी ही छोटी झडप. ती कार्बनने चिकटली की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने निघतं. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला रिंगा गेल्याचं सांगण्यात आलं होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, तपासून घेतलं, तर चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. मग पीसीव्ही काढून कानाशी हलवून पाहिला. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये आतली गोटी खुळखुळते. हा मुका होता. तो बदलला आणि ऑइलचा खप निम्म्याहून कमी झाला. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही, पण एवढं बघितल्याशिवाय हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवू देऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन.

आता पर्याय. पहिला संघर्ष असतो तो वरून भरत राहणं आणि जाड ऑइल टाकणं यांत. माझा कौल बहुतेक वेळा वरून भरण्याला. खप स्थिर असेल, पिकअप नीट असेल, धूर नसेल, तर दर पंधरवड्याला डिपस्टिक बघून पाव-अर्धा लिटर भरणं हा पूर्ण सन्मानाचा उपाय आहे. त्यात आळस नाही. फक्त वरच्या खुणेच्या वर भरू नका; क्रँक ऑइलात घुसळला की फेस होतो. आणि वरून भरत राहिलो म्हणून ऑइल बदलणं चुकवू नका, कारण जुना कचरा आत तसाच राहतो.

जाड ऑइलने खप थोडा कमी होतो हे खरं, पण कारण जागच्या जागी राहतं. शिवाय आधुनिक इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि थंडीत जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो. बदलायचंच तर मॅन्युअलमध्ये चालत असलेल्या ग्रेडमध्येच एक पायरी वर जा, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४०. इथे पहिला आकडा थंडीतल्या वहनाचा, तो तसाच ठेवायचा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलमध्ये कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. तिथे प्रयोग नको. जुन्या इंजिनांसाठी विकलं जाणारं ‘हाय मायलेज’ ऑइल कडक झालेले रबरी सील थोडे मऊ करतं. बारीक झिरपण्यावर ते उपयोगी, झिजलेल्या रिंगांवर नाही.

सील की रिंगा, हा खरा महागडा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ओल्या कॉम्प्रेशन चाचणीत मिळतं. आधी कोरडं कॉम्प्रेशन घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून एक-दोन चमचे ऑइल सोडून पुन्हा घ्यायचं. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. कॉम्प्रेशन आधीपासूनच छान असेल तर व्हॉल्व्ह सीलकडे वळा. बऱ्याच इंजिनांत सील हेड न उतरवता बदलता येतात: सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरतात आणि स्प्रिंग काढतात. मात्र व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) सैल झाले असतील तर नवे सीलही लवकर जातात, म्हणून व्हॉल्व्ह हलवून बघायला सांगा.

एक फसवी अवस्था मधली असते. कॉम्प्रेशन ठीक, सील ठीक, तरी ऑइल जातं. अशा वेळी ऑइल रिंग (सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडणारी पिस्टनची रिंग) कार्बनने खाचेत जाम झालेली असू शकते. तिथे प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं द्रावण टाकून रात्रभर ठेवण्याचा उपाय करून बघण्यासारखा आहे. सकाळी प्लग काढलेले ठेवूनच स्टार्टर फिरवायचा, नाहीतर साचलेल्या द्रवावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं. रिंग झिजलेली असेल तर यातून काही साधणार नाही.

इंजिन उघडायचं कधी? खप प्रत्येक हजाराला वाढत चालला, प्लग ऑइलने ओले होऊन मिसफायर होऊ लागला, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) धोक्यात आला, तर. ऑइलमधला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरवर थर धरतो आणि तो भाग स्वस्त नसतो. उघडलंत तर बोअर मोजून घ्या. बोअर अंडाकृती झालेला असताना नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर काही महिन्यांत पुन्हा तोच धूर. तिथे बोअरिंग करून, म्हणजे बोअर मोठा कापून, ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचे) पिस्टनच लागतात. बोअर मापात असेल तर होनिंग (बोअरच्या भिंतीला हलकी घासणी) आणि रिंगा पुरतात.

याच खर्चात दुसऱ्या गाडीचं वापरलेलं इंजिन बसवून देतो असंही सांगतात. वेळ वाचतो, पण त्या इंजिनाचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो. ते घ्यायचंच तर उतरवण्याआधी थंड असताना सुरू केलेलं बघा, कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. बाकी गाडी चांगली असेल आणि तुम्हाला ती बरीच वर्षं वापरायची असेल, तर मी स्वतःचंच इंजिन नीट बांधून घेईन. बांधल्यावर सुरुवातीला रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जातंच, त्याने घाबरू नका. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिक दर दोन दिवसांनी बघा आणि पहिलं ऑइल लवकर काढा. बांधणीतला धातूचा बारीक चुरा त्यातच असतो.