महागडा सीटपोस्ट घ्यावा का? कार्बन, स्प्रिंग आणि दोन बोल्टांचा साधा दांडा

टायर बदलून झाले, सीट बदलून झाली, पेडल बदलली, की लांब पल्ल्याच्या सायकलवाल्याची नजर सीटपोस्टकडे, म्हणजे सीटला फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याकडे वळते. वळायलाच हवी. अंगाचा मोठा भार ज्या दांड्यावर तासन्‌तास असतो, तो सायकलसोबत जसा आला तसाच बहुतेक जण वर्षानुवर्षं ठेवतात. हजार-दीड हजारांच्या त्या दांड्याऐवजी दहा हजारांचा किंवा वीस हजारांचा बसवला तर नेमकं काय मिळतं, हा प्रश्न बीआरएम म्हणजे ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) करणाऱ्या मंडळींमध्ये कायम निघतो. मी ह्यातले सगळे मुख्य प्रकार वापरले आहेत. काही स्वतःच्या सायकलींवर, काही मित्रांच्या. मोजायची यंत्रं माझ्याकडे नाहीत. पुणे-सातारा रस्ता, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट, ताम्हिणी आणि पावसाळ्यानंतर उखडलेले गावरस्ते ह्यांवर जे जाणवलं, त्याच्याच भरवशावर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढतो. तुमची तक्रार फक्त हादऱ्यांची असेल आणि सायकलला अजून २५ मिलिमीटरचे टायर असतील, तर सीटपोस्टचा विचार तूर्त सोडा. फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ चे टायर घाला आणि हवा कमी करा. रुंद टायरात कमी दाबाची हवा जे काम करते, ते कुठलाही कडक दांडा करू शकत नाही, मग तो कशाचाही बनवलेला असो. तिथे पैसे कमी लागतात आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. हे करूनही मन भरलं नसेल तर पुढे वाचा.

कार्बनपासून सुरू करतो, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो. कार्बनच्या पोस्टमुळे वजन शे-सव्वाशे ग्रॅमने उतरतं, म्हणजे बाटलीतले दोन-चार घोट पाणी. ह्यासाठी घेऊ नका. आरामाचा दावा मात्र अगदीच पोकळ नाही. खडबडीत डांबरावर सीटमधून जी बारीक झिणझिण येत राहते ती कार्बनमुळे कमी होते, असं मला खरंच वाटलं. खड्डा तो खड्डाच राहतो. ही झिणझिण किती कमी होईल हे दांडा कशाचा आहे ह्याइतकंच तो फ्रेमबाहेर किती निघालाय आणि किती जाड आहे ह्यावर ठरतं. २७.२ मिलिमीटरचा दांडा फ्रेमबाहेर भरपूर आलेला असेल तर तो थोडा लवतो. ३१.६ चा जाड दांडा जेमतेम वीतभर बाहेर असेल तर कार्बन काय आणि ॲल्युमिनियम काय, बुडाला फारसं वेगळं कळत नाही. ज्यांच्या फ्रेममध्ये ३१.६ बसतो त्यांनी मधे शिम (फट भरणारी पातळ नळी) घालून २७.२ चा पोस्ट वापरून पाहावा. स्वस्तातला प्रयोग आहे आणि माझ्या मते जाड कार्बनच्या पोस्टपेक्षा जास्त उपयोगी.

कार्बनची खरी अडचण आपल्याकडच्या वापरात आहे. त्याला ग्रीस चालत नाही, खास कार्बन पेस्ट लागते. दांडा पकडणारा क्लॅम्प किती आवळायचा ते टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने) मोजावं लागतं; बहुतेक ठिकाणी पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. कमी पडला तर दांडा हळूहळू खाली सरकतो, जास्त झाला तर धागे चिरडण्याची भीती. शिवाय ब्रेव्हेवाले सीटखाली मोठी बॅग लावतात. तिचा पट्टा दांड्याला बांधलेला असतो, मधे धूळ आणि चिखल जातो आणि शेकडो किलोमीटर तो पट्टा दांड्यावर घासत राहतो. ॲल्युमिनियमवर फार तर ओरखडा उठतो. कार्बनवर ओरखडा दिसला की तो नुसता वरच्या लॅकरवर आहे की आत गेलाय, ह्याची शंका मनातून जात नाही. पारदर्शक संरक्षक टेप गुंडाळता येते, गुंडाळावीच. पण रात्री घाट उतरताना मला ती शंका सोबत नको असते.

कार्बनमधला एक प्रकार मात्र वेगळा मोजायला हवा. कॅनियनचा व्हीसीएलएस आणि एर्गॉनचा सीएफ३ हे पोस्ट उभे चिरून दोन पात्यांचे केलेले असतात आणि ती पाती सीटखाली पाट्यांच्या स्प्रिंगसारखी लवतात. ह्यांचा आराम खरा आहे, बसल्या बसल्या कळतो. खराब रस्त्यावर मित्राची अशी सायकल चालवली तेव्हा मनापासून हेवा वाटला. किंमत मात्र वीस हजारांच्या घरात जाते, तो २७.२ मध्येच मिळतो, आणि आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे मी परत येणार आहे.

स्प्रिंग किंवा इलॅस्टोमरचे (रबरासारख्या लवचिक तुकड्याचे) पोस्ट, म्हणजे एसआर सनटूरचा एनसीएक्स, केन क्रीकचा थडबस्टर वगैरे, रोडवाल्यांच्या टिंगलीचा विषय होतात. ते मला पटत नाही. सांध्यांची चौकट असल्यामुळे सीट खाली आणि थोडी मागे जाते, आणि खड्डा खरोखर गिळला जातो. ताठ बसून हायब्रिड चालवणारे, कंबरेचं दुखणं असलेले, साठीनंतर पुन्हा सायकलवर आलेले, ह्यांच्यासाठी ह्या यादीतला सर्वांत चांगला खर्च हाच, असं मी निःशंकपणे सांगेन. माझ्या पायांना तो मानवला नाही. सीट दबते, म्हणून बसल्यावर ती किती खाली जाते ते पाहून उंची नव्याने लावावी लागते. शिवाय चढावर जोर लावला की ती उंची सारखी बदलतेय असं वाटत राहतं. एनसीएक्सचं वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. सांध्यांत चिखल गेला की कुरकुर सुरू होते, म्हणून त्यावर कव्हर घालावंच. आणखी एक: ह्या चौकटीला उंची लागते. ज्यांची सीट मुळातच फ्रेमच्या जवळ असते अशा कमी उंचीच्या लोकांना तो कदाचित बसणारच नाही.

आता माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे सीटचा कल.

सायकलसोबत येणाऱ्या कितीतरी पोस्टना वर एकच बोल्ट असतो. सीटच्या सळ्या पकडण्याचं काम तोच करतो आणि सीटचा कल धरून ठेवण्याचंही तोच. खालच्या वाटीला बारीक दाते, वरची वाटी त्यांत अडकते. बोल्ट सैल केला की दोन्ही गोष्टी एकदम सुटतात. सीट जराशी मागे घ्यायला गेलं की कल बिघडतो, कल लावायला गेलं की सीट सरकते. त्यात दाते असल्यामुळे कल पायरीपायरीनेच बदलतो. एका दातावर सीटचं टोक किंचित वर, पुढच्या दातावर किंचित खाली. मला हवा असलेला कोन बरोबर ह्या दोन दातांच्या मधे होता आणि तो त्या पोस्टने मला कधीच दिला नाही.

चाळीस किलोमीटरच्या रविवारच्या फेरीत ह्याने काही बिघडत नाही. ६०० किलोमीटर ४० तासांत करायचे असतात तेव्हा बिघडतं. टोक वर राहिलं की नाजूक भागावर दाब येतो आणि बधिरपणा सुरू होतो. टोक खाली गेलं की माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. सगळा भार तळहातांवर जातो, आणि काही तासांनी करंगळी नि अनामिका सुन्न पडतात. मग लोक जाड हातमोजे घेतात, हँडलला जेलची टेप गुंडाळतात, हँडल धरणारा स्टेम बदलतात, चौथी सीट विकत घेतात. हातांचं दुखणं सीटच्या एका दातातून आलंय, हे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तो दाताही विश्वासाचा नाही. न दिसलेला गतिरोधक किंवा खोल खड्डा आला की वाटी एक दाता सोडून पुढच्यावर जाऊन बसते. माझ्या जुन्या पोस्टने हे रात्रीच्या ब्रेव्हेत केलं, तेही वस्ती मागे पडल्यावर. बोल्ट जिवाच्या आकांताने आवळला तरी दाते एकदा झिजले की ते पुन्हा होतंच.

दोन बोल्टांच्या पोस्टमध्ये एक बोल्ट सीटच्या पुढच्या अंगाला असतो, एक मागच्या. वाटी गुळगुळीत असते, पायऱ्या नसतात. टोक खाली हवंय? मागचा पाव फेरा सैल, पुढचा पाव फेरा घट्ट. वर हवंय? उलट. दोन्ही बाजूंनी ओढून धरलेलं असल्यामुळे खड्ड्यात कोन उडी मारत नाही. सीट पुढे-मागे करायची असेल तर इथेही बोल्ट सैल करावे लागतात, पण दोन्ही मोजून सारखे फिरवले आणि तितकेच परत आवळले की कल जवळपास जागेवर येतो. हेडलॅम्पच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला, एका ॲलन कीवर (षटकोनी चावीवर) हे होतं. माझ्या बोटांचा सुन्नपणा ह्यानेच गेला. आरामाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूने मला इतका आराम दिलेला नाही.

मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट इथेच येते. दोन पात्यांच्या त्या सुंदर कार्बन पोस्टमध्ये कल बदलायचा स्क्रू दांड्याच्या तळाशी असतो. कोन हलवायचा तर पोस्ट फ्रेममधून उपसून काढावा लागतो, मग परत घालून उंची लावायची. ज्यांचा कोन एकदा ठरला की ठरला, त्यांना ह्याचं काही वाटणार नाही. माझं अंग तीनशे किलोमीटरनंतर वेगळा कोन मागतं, त्यामुळे तो माझ्यासाठी बाद झाला.

दोन बोल्टांचा म्हणून मी थॉमसन एलीट घेतला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी बनतो, ॲल्युमिनियममधून मशीनवर कोरलेला, आतलं भोक लंबवर्तुळाकार, म्हणजे पुढे-मागे जिथे जोर येतो तिथे धातू जास्त. हा पोस्ट मऊ नाही, कडक आहे. मऊपणा हवा असेल तर तो टायरमधूनच आणावा लागतो. आपल्याकडे हातात पडेपर्यंत किंमत दहा हजारांच्या पुढे जाऊ शकते, आणि फक्त एका दांड्यासाठी ही रक्कम मोठी आहे, हे मला मान्य आहे.

दोन-तीन हजारांत मिळणारे दोन बोल्टांचे तैवानी पोस्ट मग का घेऊ नयेत? घ्यावेत. बजेट आखडतं असेल तर मी मित्रांना तेच सांगतो, आणि एक बोल्टाच्या वीस हजारांच्या कार्बनपेक्षा ते मला अधिक पसंत आहेत. मला दिसलेला फरक बोल्टांत आणि वाटीच्या घडणीत होता. स्वस्त पोस्टचे बोल्ट एका पावसाळ्यात गंजले, ॲलन की त्यात गरगर फिरायला लागली, आणि वाटी हलक्या आवाजात करकरू लागली. महागड्या पोस्टवर इतके पावसाळे जाऊनही बोल्ट पहिल्यासारखेच फिरतात. कदाचित माझं नशीब चांगलं असेल, आणि कुणाचा स्वस्त पोस्टही वर्षानुवर्षं टिकत असेल. बोल्टांना ग्रीस लावत राहिलात तर नक्कीच जास्त टिकेल.

दांडा घेताना फ्रेमकडेही पाहा. जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये व्यास २६.६, २६.८, २७.०, २७.२ असे ०.२ च्या फरकाने बदलतात आणि जवळचा चालत नाही. आपल्या पोस्टवर, दांडा किमान जिथपर्यंत आत असायला हवा ते दाखवणाऱ्या रेषेच्या आसपास, आकडा कोरलेला असतो, तो वाचून घ्या. जायंटच्या काही सायकलींना इंग्रजी डी आकाराचा पोस्ट येतो. त्यांना ह्या चर्चेतलं फारसं काही बसणार नाही. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर ग्रीस लावूनच घाला आणि वर्षातून एकदा काढून पुसा, विशेषतः मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी फ्रेम वाचवायला दांडा कापावा लागतो.

आणि जुन्या पोस्टचं डोकं मागे झुकलेलं असेल तर नवाही तितकाच मागे झुकलेला घ्या. सरळ घेतला तर सीट दीड-दोन सेंटिमीटर पुढे येते आणि गुडघे ते दोन दिवसांत सांगतात. दुकानात शक्य असेल तर स्वतःची ॲलन की घेऊन जा आणि आपली सीट बसवून दोन्ही बोल्ट फिरवून पाहा. पुढच्या बोल्टापर्यंत की सहज पोहोचली पाहिजे, कारण काही पोस्टमध्ये तिथे सीटचं पोट आडवं येतं.