सत्तरीतील वाड्यांवर येणारे फिरते दुकान

गेल्या वर्षीच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीपासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वाड्यावर एका ग्राहक सहकारी संस्थेची गाडी दर सोमवारी आणि गुरुवारी येते व देवळासमोरच्या वडाखाली वीसेक मिनिटे थांबते. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ओळखणाऱ्या बायकामाणसांना आता हा दुसरा भोंगाही ओळखीचा झाला आहे. वर्षभर महिन्याचे सामान इथूनच घेतल्यावर हे लिहीत आहे.

ही गाडी पाहिली की मला स्वित्झर्लंडमधील झुरिकचे गोटलिब डुटवायलर आठवतात. घाऊक व्यापारात आणि नंतर ब्राझीलमधील शेतीत अपयश आल्यावर या गृहस्थांनी २५ ऑगस्ट १९२५ रोजी पाच फोर्ड गाड्या रस्त्यावर काढल्या आणि त्यांतून मिग्रोस ही किराणा विकणारी संस्था उभी राहिली. गाडीत जिन्नस फक्त सहा होते: कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, साबण आणि आपल्याला अगदी घरचे वाटावे असे खोबऱ्याचे तेल. दुकानाचे भाडे नाही, मधला दलाल नाही आणि माल पडून राहत नाही, म्हणून काही वस्तू बाजारभावापेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत स्वस्त देणे त्यांना परवडले. उत्पादकांनी माल द्यायचे नाकारले तेव्हा त्यांनी स्वतःचे कारखाने सुरू केले. १९३३ पासून सरकारने नव्या शाखांवर बंदी घातली, तरी ते हटले नाहीत. मला सर्वांत मोठी वाटते ती १९४१ मधील गोष्ट: भरभराटीला आलेला हा धंदा त्यांनी सहकारी संस्थेत बदलला आणि भाग (शेअर) ग्राहकांना वाटून टाकले. दारू विकायची नाही हा त्यांचा नियमही सभासदांनी २०२२ च्या मतदानात राखला.

आमच्या गाडीचे उकडे तांदूळ गावच्या पोसऱ्यापेक्षा, म्हणजे किराणा दुकानापेक्षा, किलोमागे चार रुपये स्वस्त पडतात. त्यांत खडा नसतो आणि पेज दाट, तांबूस होते. खोबरेलाच्या बाटलीवर घाणा काढल्याची तारीख लिहिलेली असते. आमची एक बाटली दीड महिना उघडी होती, तरी तेल खवटले नाही. साखर, चहापूड आणि साबण इतर दुकानांसारखेच आहेत.

काट्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो गाडीच्या आत विक्रेत्याकडे तोंड करून ठेवलेला असतो, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आकडा दिसतच नाही. जानेवारीत तूरडाळीचा फलकावर एक भाव आणि पावतीवर दुसरा असे झाले. विक्रेत्या मुलीने फरकाचे पैसे लगेच परत दिले, पण फलकावर खडूने लिहिलेला जुना भाव पुसायला तीन आठवडे गेले. पावसात ओहोळाला पाणी चढल्यावर दोन गुरुवार गाडी आली नाही, हे समजण्यासारखे आहे. पण तसा निरोप पंचायतीच्या फलकावर लावता आला असता, कारण त्या दिवशी माझी शेजारीण पिशवी घेऊन भर पावसात तासभर वडाखाली उभी होती.

एवढे असूनही ज्यांना किराण्यासाठी वाळपईपर्यंत बस धरावी लागते, त्यांनी इथून सामान जरूर घ्यावे. संस्थेचे भाग ग्राहकांसाठी खुले आहेत. मी गेल्या महिन्यात एक भाग घेतला असून येत्या वार्षिक सभेत काटा ग्राहकाच्या बाजूला फिरवावा, हा ठराव मांडणार आहे.