दुसरा ॲम्प घ्यावा का? बाय-ॲम्पिंगच्या वाटा, शेजारी शेजारी ठेवून

स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या दिसल्या की दुसऱ्या ॲम्पचा, म्हणजे बाय-ॲम्पिंगचा (एकाच स्पीकरच्या बेसला आणि ट्रेबलला वेगळे ॲम्प लावण्याचा) विचार मनात येतोच. पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: क्रॉसओव्हर (सिग्नल बेस आणि ट्रेबलमध्ये विभागणारं सर्किट) ॲम्पच्या आधी बसणार आहे की नंतर?

पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगमध्ये तो नंतरच, स्पीकरच्या पेटीत असतो. टर्मिनल जोडणाऱ्या पट्ट्या काढायच्या, एक ॲम्प वूफरला (बेसचा ड्रायव्हर) आणि दुसरा ट्वीटरला (ट्रेबलचा ड्रायव्हर) लावायचा. (पट्ट्या राहिल्या तर दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना भिडतात आणि ॲम्प जळू शकतात.) पण दोन्ही ॲम्पना सिग्नल पूर्णच मिळतो. करंट वाटला जातो, व्होल्टेज नाही. म्हणून ५० वॅटचा एक ॲम्प जिथे क्लिप होतो (व्होल्टेजची मर्यादा गाठून आवाज फाटतो), जवळपास तिथेच दोन्ही होतात. जोरदार बेसला ट्वीटरचा ॲम्पही फाटतो. शिवाय दोघांचा गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते) सारखा हवा. एकाचा २६ आणि दुसऱ्याचा २९ डेसिबल असेल, तर स्पीकर बनवणाऱ्याने साधलेला समतोलच बिघडला. एव्ही रिसीव्हरमधल्या बाय-ॲम्प सोयीत तर पॉवर सप्लायही एकच असतो, तिथे मला काहीच फायदा दिसत नाही.

त्याच पैशात ५० ऐवजी १०० वॅटचा एक चांगला ॲम्प घेतला, तर ३ डेसिबल जास्त मिळतात. फार नाहीत, पण खरे आहेत. तारा कमी, गेन जुळवणं नाही.

ॲक्टिव्ह बाय-ॲम्पिंगची गोष्ट मात्र वेगळी. इथे इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर किंवा डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) सिग्नल आधीच विभागतो, आणि प्रत्येक ॲम्प आपल्या ड्रायव्हरला थेट जोडला जातो. मधली, पॅसिव्ह क्रॉसओव्हरमधली कॉइल गेल्याने ॲम्पची वूफरवर पकड राहते. बेसचा ॲम्प क्लिप झाला तरी त्याचा कचरा ट्वीटरपर्यंत पोहोचत नाही. बेस आणि ट्रेबल दोन्हींतले पीक सारखे असतील, तर ५० वॅटचे दोन ॲम्प मिळून २०० वॅटच्या एका ॲम्पइतकं शिखर गाठू शकतात, कारण इथे व्होल्टेजची बेरीज होते.

पण कष्टही तितकेच. मूळ पॅसिव्ह क्रॉसओव्हर फक्त विभागणी करत नव्हता. ड्रायव्हरची पातळी आणि कॅबिनेटमुळे येणारे चढउतारही सांभाळत होता. ते सगळं मायक्रोफोनने मोजून पुन्हा बसवावं लागतं. ऑक्टेव्हला २४ डेसिबलचा लिंक्विट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रचलित प्रकार) उतार ही चांगली सुरुवात आहे, उत्तर नव्हे. ट्वीटरला ॲम्प थेट लागल्यामुळे पॉवर चालू करतानाचा धक्काही त्याला उडवू शकतो. मालिकेत एक मोठा कपॅसिटर ठेवाच.

मोजमाप करायची हौस असेल तर ॲक्टिव्हकडे जा, दुसऱ्या कशातही एवढा फरक ऐकू येणार नाही. हौस नसेल पण तोच फायदा हवा असेल, तर पेटीतच ॲम्प आणि क्रॉसओव्हर बसवलेले ॲक्टिव्ह स्पीकर घ्या. आणि सध्याचे स्पीकर आवडत असतील, तर एकच ताकदवान ॲम्प.