ओपनमॉडेलिका: इनर्शियाच्या हिशोबासाठी आठ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. फिरणाऱ्या आणि सरकणाऱ्या यंत्रभागांचे गतिकीय मॉडेल करायचे असेल आणि लायसन्सला पैसे नसतील, तर ओपनमॉडेलिका घ्या. जडत्वाचे, म्हणजे इनर्शियाचे, गणित ते चुकत नाही. मात्र तुम्ही जो भाग ताठ (न वाकणारा, न पिळला जाणारा) धरलात तो खरोखरच ताठ आहे असे ते निमूटपणे मानते आणि सुंदर, गुळगुळीत, साफ चुकीचा आलेख काढून देते. आठ महिन्यांतला बहुतेक मनस्ताप या एका गोष्टीपायी झाला.

ज्यांनी नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी: मॉडेलिका ही समीकरणांवर चालणारी मॉडेलिंगची भाषा, पहिली आवृत्ती 1997 ची. ओपनमॉडेलिका हे तिचे मुक्त स्रोत रूप, मूळ स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने त्याचा बराच प्रसार केला आहे आणि शिकायला त्यांचे स्पोकन ट्युटोरिअल पुरेसे आहेत. हा अनुभव 1.24 आवृत्तीचा, सोबत स्टँडर्ड लायब्ररी 4.0.0. काम तीन प्रकारचे होते: सर्व्हो मोटरवर चालणारा बॉलस्क्रूचा अक्ष (स्क्रू फिरला की त्यावरचा नट टेबलाला सरळ रेषेत सरकवतो), पॉवर प्रेसचे फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारे जड चाक) आणि एक चार दांड्यांची लिंकेज (सांध्यांनी जोडलेली साखळी).

विंडोजवर बसवणे सोपे, पण सी कंपायलर सोबत येत असल्यामुळे जागा भरपूर खाते. प्रत्येक सिम्युलेशनला नवी एक्झी फाइल तयार होते आणि अँटिव्हायरस तिच्यावर झडप घालतो. कामाचे फोल्डर अपवादात टाकले की अर्धी कटकट संपते. दुसरी सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या: नुसता आकडा बदलायचा असेल तर पुन्हा कंपाइल करू नका. व्हेरिएबल्सच्या यादीत आकडा बदलून री-सिम्युलेट दाबले की काम सेकंदात होते.

याची खरी ताकद गिअरच्या दोन बाजूंना इनर्शिया असताना कळते. ब्लॉक डायग्रॅमच्या पद्धतीत गुणोत्तराच्या वर्गाने भागून सगळे एका शाफ्टवर आणावे लागते, नाहीतर अल्जिब्रेइक लूप (उत्तर स्वतःवरच अवलंबून असलेले समीकरण) बसलाच. इथे मोटरचा इनर्शिया, मध्ये आयडियलगिअर, पलीकडे लोडचा इनर्शिया, रेघा जोडल्या की झाले. एकमेकांना ताठ जोडलेल्या दोन इनर्शियांपैकी एकाचाच वेग स्वतंत्र असतो, हे ते स्वतः ओळखते. फक्त सुरुवातीचा वेग दोन्हीकडे फिक्स्ड करू नका. दोन आकडे जुळत नसतील तर इनिशियलायझेशनला (सुरुवातीची स्थिती ठरवताना) अडते आणि एररमधून नेमकी जागा शोधताना डोळे दुखतात. एकाच ठिकाणी कोन आणि वेग फिक्स्ड ठेवा, बाकी मोकळे सोडा.

आता बॉलस्क्रू. खरी शिकवण इथेच आहे, म्हणून आकड्यांसकट.

टेबल आणि जॉब मिळून 200 किलो, लीड (स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल सरकते ते अंतर) 10 मिमी, स्क्रू 32 मिमी व्यासाचा आणि 1 मीटर लांब, मोटरचा रोटर (फिरणारा भाग) 10 किग्रॅ·सेमी² म्हणजे 0.001 किग्रॅ·मी². टेबलाचा मोटरवर दिसणारा इनर्शिया म्हणजे वस्तुमान गुणिले (लीड भागिले 2π) याचा वर्ग: सुमारे 0.00051. स्क्रूचा स्वतःचा, भरीव दंडगोल धरून, सुमारे 0.00081. म्हणजे दोनशे किलोच्या टेबलापेक्षा स्क्रूच जड! व्यास चौथ्या घातात येतो, त्याचा हा प्रताप. वेग वाढवण्यासाठी टेबल हलके करायला निघालेल्यांनी हा हिशोब आधी करावा. लोड आणि रोटरचे गुणोत्तर 1.3 च्या आसपास, म्हणजे कॅटलॉगच्या नजरेने निवड अगदी झकास.

कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या भागाचा) पिळाचा ताठपणा 5000 न्यूटन-मीटर प्रति रेडियन धरून रोटर आणि लोड अशा दोन इनर्शियांमध्ये स्प्रिंगडॅम्पर (स्प्रिंग आणि कंपन शमवणारा घटक) टाकला तर नैसर्गिक वारंवारता सुमारे 470 हर्ट्झ येते. मग स्क्रूही पिळला जातो हे लक्षात घ्यायचे. इथे व्यास आट्यांच्या मुळाशी मोजायचा. 28 मिमी धरला तर एका मीटरला सुमारे 4830 न्यूटन-मीटर प्रति रेडियन येतात, बाहेरचा 32 मिमी धरला तर 8200 च्या वर. फरक थोडाथोडका नाही. स्क्रूचा निम्मा इनर्शिया कपलिंगकडे आणि निम्मा नटकडे वाटून तीन इनर्शियांचे मॉडेल केले की पहिली वारंवारता सुमारे 360 हर्ट्झवर उतरते. टेबल मोटरपासून सगळ्यात लांब असतानाची ही स्थिती.

इथवर आले की वाटते, झाले मॉडेल. झालेले नसते. नट, थ्रस्ट बेअरिंग आणि स्क्रूची लांबी हे तिन्ही अक्षाच्या दिशेनेही दबतात. मिळून ताठपणा 100 न्यूटन प्रति मायक्रॉन धरा, या मापाच्या स्क्रूला हा आकडा अवाजवी नाही. आता रोटेशनल लायब्ररीतून आयडियलगिअरआरटूटी (फिरणे ते सरकणे जोडणारा घटक) घेऊन ट्रान्सलेशनलमध्ये उतरा, तिथे स्प्रिंगडॅम्पर आणि 200 किलोचा मास जोडा. पहिली वारंवारता थेट सव्वाशे हर्ट्झच्या आसपास येते. स्क्रू फिरूच दिला नाही तर 112. तीनशे साठ हर्ट्झवर निश्चिंत होऊन सर्व्होचा गेन (चूक दुरुस्त करण्याचा जोर) चढवणारा माणूस यंत्रावर गेला की टेबल गुणगुणायला लागते, आणि दोष ड्राइव्हला दिला जातो. टेबल स्थिर टोकाच्या बेअरिंगजवळ आले की स्क्रूचा भार घेणारा भाग आखूड होतो, ताठपणा वाढतो आणि वारंवारताही सरकते. म्हणून नॉच फिल्टर (एक ठरावीक वारंवारता दाबणारा) एकाच जागी मोजून लावू नये, चालीच्या दोन्ही टोकांना तपासावे.

त्या आरटूटीच्या घटकात गुणोत्तर रेडियन प्रति मीटरमध्ये मागतात. 10 मिमी लीडला ते 628.3. तिथे 10 लिहिणारे लोक आहेत. मॉडेल तरीही चालते, तक्रार करत नाही.

याच मॉडेलमध्ये दुसरा सापळा आहे. मुळात सिम्युलेशन 1 सेकंदाचे आणि निकालाचे 500 भाग असतात, म्हणजे दर 2 मिलिसेकंदाला एक बिंदू. 360 हर्ट्झच्या कंपनाचा आवर्तकाल 2.8 मिलिसेकंदांच्याही आत. आलेखावर मग सुमारे 140 हर्ट्झची एक छान लाट दिसते, जी अस्तित्वातच नाही. डॅसल सॉल्व्हरने (समीकरणे सोडवणाऱ्या पद्धतीने) आतून बारीक पावले बरोबर टाकलेली असतात, खोटे असते ते फक्त नोंदलेले बिंदू जोडून काढलेले चित्र. भागांची संख्या 20,000 करा किंवा इक्विडिस्टंट टाइम ग्रिडची (समान अंतरानेच बिंदू नोंदवण्याची) खूण काढा. टॉलरन्स (चालवून घेतलेली चूक) मुळात 0.000001 असतो, तो सहसा पुरतो. आलेख शंकास्पद वाटला की आधी भाग वाढवावेत, टॉलरन्सला नंतर हात लावावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

एककांचेही असेच. सॉफ्टवेअरला सगळे एसआयमध्ये हवे. जुन्या कॅटलॉगांत इनर्शियाऐवजी जीडी² छापलेले असते. किलो आणि मीटरमध्ये दिलेले असेल तर त्याला 4 ने भागले की इनर्शिया मिळतो. विसरलात तर लोड चौपट जड. कॅड सॉफ्टवेअरमधून ग्रॅम·मिमी² आले तर 10⁻⁹ ने गुणायचे. हाताने काढलेला एक ढोबळ आकडा शेजारी ठेवल्याशिवाय कॅडचा आकडा मॉडेलमध्ये टाकू नये, हा नियम केल्यापासून बऱ्याच चुका तिथल्या तिथे सापडल्या.

घर्षणासाठी बेअरिंगफ्रिक्शन चांगले आहे. चिकटणे आणि सुटणे ते वेगळे ओळखते, त्यामुळे दिशा बदलताना यंत्र क्षणभर अडते ते आलेखात दिसते. घर्षणाच्या तक्त्याचा पहिला स्तंभ रेडियन प्रति सेकंदात, आरपीएममध्ये नाही. बॅकलॅशसाठी (जोडातल्या ढिलाईसाठी) इलॅस्टोबॅकलॅश: 10 मिमी लीडवर 20 मायक्रॉनची ढिलाई म्हणजे 0.0126 रेडियन, आणि हा आकडा एकूण ढिलाईचा द्यायचा, एका बाजूचा नव्हे. डॅम्पिंग शून्य ठेवले तर भाग दोन्ही भिंतींवर आपटत राहतो, इव्हेंटचा पाऊस पडतो आणि सिम्युलेशन गोगलगायीसारखे चालते. कधी चॅटरिंग डिटेक्टेड असा संदेशही येतो. थोडे डॅम्पिंग द्या, खऱ्या यंत्रात ते असतेच.

पॉवर प्रेसचे काम याहून सोपे, पण त्यात एक ठळक धडा मिळाला. 300 किलोचे, अर्धा मीटर त्रिज्येचे भरीव चकतीसारखे फ्लायव्हील: इनर्शिया 37.5 किग्रॅ·मी². पट्ट्याने 4.8 पट वेगाने फिरणाऱ्या मोटरचा 0.03 चा रोटर फ्लायव्हीलवर 0.69 होऊन दिसतो. 300 आरपीएमला साठलेली ऊर्जा सुमारे 18,850 जूल. एका स्ट्रोकने 5000 जूल ओढले की वेग 257 वर येतो. 7.5 किलोवॉटची 1440 आरपीएमची मोटर फुल-लोड टॉर्कवर तो वेग पुन्हा भरून काढायला सुमारे पाऊण सेकंद घेते. मिनिटाला 40 स्ट्रोक आरामात, 60 म्हणजे फारच घासून.

आता हेच मॉडेल कॉन्स्टंटस्पीड स्रोत लावून केले तर? वेग हलतच नाही, कारण त्या घटकाचा अर्थच अमर्याद टॉर्कची मोटर असा होतो. फ्लायव्हील काढून टाकले तरी आलेख तोच! मोटरच्या जागी वेगमापक, टॉर्क-वेगाचा तक्ता आणि टॉर्क स्रोत अशी साखळी लावली की चित्र खरे होते. 257 आरपीएमला मोटर 1234 वर असते, म्हणजे स्लिप (मोटरच्या चुंबकीय क्षेत्रामागे रोटर मागे पडण्याचे प्रमाण) जवळजवळ 18 टक्के. साधी स्क्विरल केज मोटर तिथे भरमसाट करंट ओढते. प्रेसला हाय-स्लिप मोटर का लावतात, हे या एका आलेखावरून नव्या माणसालाही समजावता येते.

क्लचही ताठ जोड म्हणून धरू नये. एकेरी स्ट्रोकमध्ये क्रँकची बाजू दर वेळी शून्यातून उचलली जाते. तिचा इनर्शिया 2 असेल तर 300 आरपीएमला तिच्यात जवळजवळ 990 जूल जातात आणि साधारण तेवढेच क्लचच्या लायनिंगमध्ये उष्णता होऊन संपतात. क्लचचा घटक टाकला की हे नुकसान आपोआप दिसते, ताठ जोड दिला की हिशोबातून गायब.

लिंकेजसाठी मल्टिबॉडी लायब्ररी आहे. ती अवघड आहे, सरळच सांगतो. वर्ल्ड घटक हवाच. सपाट बंद साखळीत एका सांध्याला रिव्हॉल्यूटप्लॅनरलूपकन्स्ट्रेंट लावावा लागतो, कारण सगळे साधे सांधे लावले की तीच बंधने दोनदा येतात आणि प्रणाली सिंग्युलर होते, म्हणजे तिला एकच उत्तर उरत नाही. बॉडीत इनर्शिया वस्तुमानकेंद्राभोवतीचा, पण अक्ष फ्रेम-एच्या (भागाच्या जोडबिंदूवरच्या अक्षांच्या) दिशेचे, असा द्यायचा असतो. कॅडमध्ये तीन संच छापून येतात, त्यातला मधला बहुधा लागतो. तिरकस घटकांची चिन्हे कुठल्या रिवाजाने दिली आहेत तेही पाहावे. चिन्ह उलटले तरी मॉडेल चालते आणि बेअरिंगवरचे बल चुकते.

मॉडेलला यंत्राशी ताडून पाहायची सर्वांत स्वस्त पद्धत ड्राइव्हमध्येच आहे. ठरावीक त्वरणाने वेग वाढवा आणि तेवढ्याच दराने कमी करा, दोन्ही टॉर्क नोंदवा. दोघांची बेरीज भागिले त्वरणाची दुप्पट म्हणजे एकूण इनर्शिया. वजाबाकीचा निम्मा म्हणजे घर्षण. वरच्या अक्षावर 0.1 सेकंदात 2000 आरपीएम गाठायला त्वरण 2094 रेडियन प्रति सेकंद वर्ग. घर्षण 0.8 असेल तर चढताना साधारण 5.65 आणि उतरताना 4.05 न्यूटन-मीटर दिसायला हवेत. उभ्या अक्षाला हे असेच लागू होत नाही, तिथे गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क आधी वेगळा काढावा.

तक्रारी. एरर संदेश कंपायलर लिहिणाऱ्यासाठी लिहिल्यासारखे आहेत. टू फ्यू इक्वेशन्स आले की बहुतेक वेळा एखादा फ्लँज (घटकाचे जोडटोक) किंवा इनपुट मोकळा राहिलेला असतो, पण कुठला ते तुम्ही हुडका. मोठे मल्टिबॉडी मॉडेल कंपाइल व्हायला चहा पिऊन यावे इतका वेळ लागतो. ॲनिमेशन कामापुरते आहे, ग्राहकाला दाखवण्यासारखे नाही. मदतीची पाने लायब्ररीची उत्तम, एडिटरची तुटपुंजी.

नुसती मोटर निवडायची असेल, अक्ष एकच आणि गती संथ, तर एक्सेलची शीट पुरते, उगाच याच्या नादी लागू नका. कंपन, ढिलाई, क्लच किंवा गिअरची साखळी आली की मात्र हे उघडावे. ड्राइव्हचे कंट्रोल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एफएमयू (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी मॉडेलची फाइल) म्हणून मॉडेल बाहेर काढता येते. को-सिम्युलेशनचे (दोन्ही सॉफ्टवेअर एकत्र चालवण्याचे) पाऊल मात्र आपल्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या हिशोबाने ठेवावे. सव्वाशे हर्ट्झच्या अक्षाला 1 मिलिसेकंद म्हणजे एका आवर्तनात आठच बिंदू, तेव्हा अर्ध्या मिलिसेकंदाच्या वर जाऊ नये.